पिवळा धोतरा : फूल देखणे, बी घातक

वस्तीच्या मागचा रेल्वेरूळ, नाल्याचा काठ, बंद पडलेल्या कारखान्याचे आवार, गावाकडची पांद आणि पडीक शेत. पावसाळा सरला की अशा जागांवर एक काटेरी झुडूप उगवते. हिवाळ्यात त्याला लिंबासारख्या पिवळ्या रंगाची, कागदासारखी नाजूक फुले येतात. मुलांना फुले आवडतात, पण काट्यांमुळे कोणी हात लावत नाही. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो आणि पुढे जातो.

या झुडपाला कोणी पिवळा धोतरा म्हणतात, कोणी काटेधोतरा, कोणी बिलायत, तर कोणी दारुडी. आपल्या शेजारी राहणारी उत्तर भारतातील कुटुंबे त्याला 'सत्यानाशी' म्हणतात. नाव उगाच पडलेले नाही. या झुडपाच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले तर खाणाऱ्यांचे पाय सुजतात, धाप लागते, डोळे जातात आणि काही माणसे दगावतात. आपल्या देशात हे अनेकदा घडले आहे. ज्यांना एकदम मोठा डबा घेणे परवडत नाही, जे रोज दहा-वीस रुपयांचे सुटे तेल आणतात, त्यांना याचा धोका जास्त असतो. म्हणून या वेळच्या आरोग्यपानावर आम्ही या एकाच झुडपाची ओळख करून देत आहोत.

हे झुडूप आपले नव्हे

पिवळा धोतरा मूळचा मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या अमेरिकेतील उष्ण प्रदेशातला. युरोपीय लोक समुद्रमार्गे ये-जा करू लागल्यानंतर तो जगभर पसरला आणि आपल्याकडेही आला. मराठीत त्याला 'फिरंगी धोतरा' असेही एक जुने नाव आहे. या नावातच त्याचा प्रवास नोंदलेला आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याला 'आर्जिमोन मेक्सिकाना' हे शास्त्रीय नाव दिले. त्यातल्या 'मेक्सिकाना' शब्दातूनही त्याचे मूळ ठिकाण कळते.

नावात धोतरा असला तरी खऱ्या धोतऱ्याशी त्याचे काही नाते नाही. पाने करडईसारखी काटेरी असली तरी तो करडईच्या कुळातलाही नाही. तो अफूच्या कुळातला आहे. खसखस ज्या झाडाची, त्या अफूचा हा लांबचा भाऊबंद. फांदी तोडली की चीक येतो, तो या कुळाचा गुण.

ओळखायचे कसे?

पुढील खुणा एकेक करून पाहा. एका खुणेवरून निकाल देऊ नका. तीन-चार खुणा एकत्र जुळल्या तर शंका उरत नाही.

झाड : साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच. एका वर्षात उगवते, फुलते आणि वाळते. खोड, पाने, कळी, फळ या सगळ्यांवर काटे असतात.

पान : लांबट, कडेने खोल कातरलेले, प्रत्येक टोकाला अणकुचीदार काटा. रंग नुसता हिरवा नाही, त्यावर निळसर राखी झाक असते. शिरांच्या कडेने पांढरे पट्टे दिसतात, जणू कोणी चुन्याच्या बोटाने शिरा रंगवल्या आहेत. वरच्या पानांना देठ नसतो. पानाचा खालचा भाग खोडाला कवटाळून बसलेला असतो.

चीक : ही सगळ्यात पक्की खूण आहे. पान किंवा कोवळी फांदी काडीने मोडली की हळदीसारखा पिवळा चीक बाहेर येतो. रुईचा चीक पांढरा असतो, वडाचाही पांढरा. आपल्या परिसरात काटेरी पान आणि पिवळा चीक अशी जोडी दिसली की तो पिवळा धोतराच समजा. चीक हाताला लावून पाहू नका. काडीवर पाहिला तरी पुरे.

फूल : चमकदार पिवळे, चार ते सहा पाकळ्यांचे, बहुधा सहा. पाकळ्या पातळ आणि लगेच गळणाऱ्या. मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका आणि त्याच्या मधोमध लालसर ठिपका.

फळ : लांबट बोंड, बोटाच्या दीड-दोन पेरांएवढे, काट्यांनी भरलेले. पिकल्यावर ते वरच्या टोकाशी उकलते आणि झाड हलले की बिया खाली सांडतात. एका बोंडात शेकडो बिया असतात. म्हणून यंदा एक झाड दिसले तर पुढच्या वर्षी त्याच जागी ताटवा दिसतो.

गल्लत कोठे होते?

करडई : करडईची पानेही काटेरी आणि फूलही पिवळे-केशरी. पण करडईच्या फुलाला सुट्या पाकळ्या नसतात. काटेरी बोंडातून तंतूंचा गुच्छ वर आलेला असतो. करडईच्या पानाला पांढऱ्या शिरा नसतात आणि मोडल्यावर पिवळा चीक येत नाही. आपल्या आयाबाया कोवळ्या करडईची भाजी खुडून आणतात. भाजी शेताच्या बांधावरून किंवा पडीक जागेतून आणली असेल तर निवडताना प्रत्येक जुडीतले एक पान मोडून पाहा. पिवळा थेंब दिसला तर ती भाजी टाकून द्या.

खरा धोतरा : याचे फूल पांढरे किंवा जांभळट, कर्ण्यासारखे लांब. फळ गोल आणि काटेरी, पण पानांवर काटे नसतात. तोही विषारी आहे. मात्र त्याचे विष वेगळे आणि लक्षणेही वेगळी.

भुईरिंगणी : जमिनीवर पसरते, फूल जांभळे, फळ लहान वांग्यासारखे गोल. काटे लांब आणि पिवळसर.

उंटकटारा : याचे फूल म्हणजे काटेरी चेंडूच. पानाची खालची बाजू पांढरी, लवदार. हाही चीक नसलेला.

बी ओळखा, कारण धोका बीमध्ये आहे

मोहरी आणि पिवळ्या धोतऱ्याचे बी यांचा आकार जवळजवळ सारखा. रंगही काळपट. मूठभर मोहरीत दहा-वीस बिया मिसळल्या तर उभ्या उभ्या कळत नाही. पण थोडे निरखून पाहिले तर फरक दिसतो.

मोहरीचा दाणा गोल आणि हाताला गुळगुळीत लागतो. धोतऱ्याचे बी जास्त काळे आणि खरखरीत असते. त्याच्या अंगावर जाळीसारखे बारीक खड्डे असतात आणि एका बाजूला किंचित टोक निघालेले असते. मुलांच्या शाळेच्या दप्तरातले भिंग घेतले तर हे खड्डे स्पष्ट दिसतात.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. पाच-सहा दाणे पांढऱ्या कागदावर ठेवा आणि चमच्याच्या पाठीने चिरडा. मोहरीचा दाणा आतून पिवळा निघतो. धोतऱ्याचे बी आतून पांढरे निघते. एवढी परीक्षा घरातले दहा वर्षांचे मूलही करू शकते. परीक्षा झाल्यावर कागद टाकून द्या आणि हात धुवा.

मोहरी दळून घेणार असाल, लोणच्यासाठी डाळ करणार असाल किंवा शेतातली मोहरी घाण्यावर नेणार असाल तर ही परीक्षा आधी करा. मोहरी आणि पिवळा धोतरा दोन्ही हिवाळ्यात वाढतात आणि साधारण एकाच सुमारास पिकतात. शेतात तण राहिले तर कापणी-मळणीतच बिया मिसळतात. काही वेळा व्यापारी त्या मुद्दाम मिसळतात, कारण तणाचे बी फुकट मिळते.

तेल झाल्यावर मात्र घरी ओळख पटत नाही. रंग, वास, चव यांवरून भेसळ कळेलच असे नाही. प्रयोगशाळेत नायट्रिक आम्ल टाकून परीक्षा करतात, पण ते आम्ल त्वचा आणि डोळे जाळणारे आहे. घरी तो प्रयोग कोणीही करू नये. तेल कडकडीत तापवले की विष जाते, असेही मानू नये.

शरीरात काय होते?

या बियांच्या तेलात सँग्विनरीन आणि त्याच्या जातीचे दुसरे एक विषारी द्रव्य असते. शरीरातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या त्यामुळे सैल होतात आणि त्यांतले पाणी बाहेर झिरपून मांसात साचते. हृदयावर ताण येतो. मोहरीच्या तेलात शेकडा एक भाग एवढी भेसळ झाली तरी माणूस आजारी पडू शकतो. या आजाराला वैद्यकीय भाषेत 'एपिडेमिक ड्रॉप्सी' म्हणतात. आपण त्याला भेसळीच्या तेलाची सूज म्हणू.

लक्षणे एका दिवसात येत नाहीत. ते तेल काही दिवस, काही आठवडे पोटात जात राहते आणि मग हळूहळू पुढील क्रमाने त्रास दिसू लागतो.

सुरुवातीला मळमळ, उलटी, जुलाब. भूक मंदावते. कधी बारीक ताप.

नंतर दोन्ही पायांना सूज. नडगीवर अंगठ्याने दाबून धरले की खड्डा पडतो आणि तो लगेच भरून येत नाही. पायांची त्वचा लालसर होते, आग होते, हात लावला तरी दुखते.

पुढे जिना चढताना किंवा पाणी भरताना धाप लागते, छातीत धडधडते. रात्री आडवे पडले की श्वास अडतो, उठून बसावे लागते. हे हृदय थकल्याचे लक्षण आहे. या आजारात माणूस दगावतो तो बहुधा याच कारणाने.

काही रोग्यांच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून लक्षात येत नाही. नजर धूसर होते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. वेळेवर उपचार झाला नाही तर दृष्टी कायमची जाते.

पाय सुजण्याची कारणे पुष्कळ आहेत. रक्त कमी असणे, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, गरोदरपण, हत्तीरोग. तेव्हा सूज दिसली म्हणून लगेच तेलाला दोष देऊ नका. पण एकाच घरात दोघा-तिघांचे पाय एकाच सुमारास सुजले, आधी जुलाब झाले होते आणि सगळे एकाच डब्यातले तेल खातात, असे असेल तर तेलाचा संशय पहिला घ्या. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. एका चुलीवरचे जेवणारे एकत्र आजारी पडतात, म्हणून तो संसर्गासारखा दिसतो. केवळ आईच्या दुधावर असलेली तान्ही बाळे सहसा यातून वाचतात. पण भेसळीच्या तेलाने अंगाला मालिश केल्यामुळे विष त्वचेतून शरीरात गेल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. बाळाला मोहरीच्या तेलाने चोळण्याची पद्धत ज्या घरांत आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. स्वयंपाकाला नको ते तेल बाळाच्या अंगालाही नको.

कोलकाता ते दिल्ली

या आजाराची नोंद आपल्या देशात १८७७ सालापासून आहे. त्या वर्षी कोलकात्यात साथ आली होती. डॉक्टर चक्रावले. कोणी तो बेरीबेरीचा प्रकार मानला, कोणी खराब तांदळावर संशय घेतला. १९२६ साली सरकार नावाच्या संशोधकाने मोहरीच्या तेलातल्या या बियांच्या भेसळीकडे बोट दाखवले आणि पुढच्या काही वर्षांत इतर संशोधकांच्या कामातून ते पक्के झाले. म्हणजे खरे कारण सापडायला सुमारे पन्नास वर्षे गेली.

कारण कळले तरी साथी थांबल्या नाहीत. १९९८ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात दिल्लीत मोठी साथ आली. सुमारे तीन हजार माणसे आजारी पडली आणि साठहून अधिक दगावली. तपासात मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल आढळले. त्यानंतर तेथे सुट्या मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली. आज देशभरच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे खाद्यतेल बंद वेष्टनातच विकायचे आहे. राज्य सरकारने विशेष सूट दिली असेल तरच अपवाद. पण नियम कागदावर असतो आणि वस्तीतल्या दुकानात पत्र्याच्या डब्यातून मापाने तेल ओतले जाते, हे आपण सारेच जाणतो.

महाराष्ट्रात मोहरीचे तेल सगळीकडे रोजच्या स्वयंपाकाला वापरत नाहीत. आपल्याकडे शेंगदाणा, सोयाबीन, करडई, पाम यांची तेले चालतात. म्हणून हा धोका आपला नाही असे समजू नये. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथील वस्त्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालमधून आलेले कामगार आपल्या भिंतीला भिंत लावून राहतात आणि त्यांच्या घरी मोहरीचे तेलच लागते. त्यांच्या आजाराचे कारण आपल्याला माहीत असेल तर आपण त्यांच्या उपयोगी पडू. शिवाय स्वस्त म्हणून मिळणाऱ्या सुट्या तेलात कशाचे काय मिसळले आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

करणी नव्हे, कारण

एका घरातली चार माणसे एकाच आठवड्यात पाय सुजून पडली, दवाखान्यातल्या पहिल्या गोळ्यांनी उतार पडला नाही, की लोक कुजबुजू लागतात. कोणी काही केले असेल. घराला कोणाची दृष्ट लागली. मग अंगारा, उतारा, एखाद्या म्हाताऱ्या बाईवर बोट. या धावपळीत आठ दिवस जातात आणि चुलीवर तेच तेल शिजत राहते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कार्यकारणभावाला धम्माच्या मध्यभागी ठेवले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते कारण माणसाच्या कृतीत किंवा निसर्गात शोधायचे, दैवी कोपात नाही, ही ती शिकवण. आजारपणात या शिकवणीची सगळ्यात जास्त गरज लागते. चौघे आजारी पडले तर पहिला प्रश्न 'कोणी केले?' हा नको. 'चौघांनी मिळून काय खाल्ले?' हा हवा. करणी केल्याचा आळ घेऊन कोणाला त्रास देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही वस्तीत सर्वांना सांगावे.

दुसरा एक गैरसमज आहे तो औषधाचा. पिवळ्या धोतऱ्याचा चीक खरूज-नायट्याला लावतात. डोळे आले तर डोळ्यांत घालतात. पिवळ्या चिकाने पिवळी कावीळ जाते असे समजून काढा पितात. असे काही करू नका. चिकाने त्वचेची आग होते आणि डोळ्याला इजा होते. कावीळ म्हणजे यकृताचा आजार, त्यात विषारी वनस्पतीचा काढा पोटात घालणे म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळणे.

यावर कोणी जीवकाची गोष्ट पुढे करतात. तक्षशिलेच्या आचार्यांनी जीवकाला सांगितले, योजनभर फिर आणि औषधी नसलेली एक तरी वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परतला. म्हणजे प्रत्येक झाड औषधच, असा अर्थ लोक काढतात. पण गोष्टीतला जीवक तोवर सात वर्षे शिकला होता. प्रत्येक वनस्पतीचा गुण आणि दोष त्याला ठाऊक होता. न शिकता पाला चुरगळून पाजणाऱ्याला जीवकाचा आधार घेता येत नाही.

संशय आला तर काय कराल?

पहिली गोष्ट, ते तेल त्याच क्षणी बंद करा. या विषावर उतारा म्हणून एखादे खास औषध नाही. तेल थांबवणे हाच उपचाराचा पाया आहे.

दुसरी, तेल फेकू नका. उरलेले तेल बाटलीत बूच लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा. त्यावर दुकान आणि खरेदीची तारीख लिहा. तपासणीसाठी तेच लागेल.

तिसरी, रोग्याला सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, घरात इतक्या जणांना एकाच वेळी सूज आहे आणि आम्ही सुटे तेल वापरतो. धाप लागत असेल तर थांबू नका, रात्री असली तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. सूज उतरवण्याची औषधे, विश्रांती, प्रथिनांचा आहार, हृदयाची तपासणी हे सारे डॉक्टर ठरवतील. अंडी, डाळ, दूध जे परवडेल ते त्यांच्या सल्ल्याने द्या. बरे वाटल्यावरही डोळ्यांचा दाब तपासून घ्या.

चौथी, त्या दुकानातून तेल घेणाऱ्या शेजाऱ्यांना सांगा. आशाताईंना कळवा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तक्रारीच्या प्रतीवर पोच घ्या.

अन्नसुरक्षा कायदा २००६ साली झाला. त्याच्या कलम ४० प्रमाणे साध्या ग्राहकालाही विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून तपासून घेता येतो. आपण तपासणीसाठी घेत आहोत हे खरेदीच्या वेळी दुकानदाराला सांगावे लागते. पदार्थ कायद्याच्या निकषात बसला नाही तर शुल्क परत मिळते. असुरक्षित अन्नाने माणूस दगावला तर कलम ६५ प्रमाणे किमान पाच लाख रुपयांच्या भरपाईची तरतूद आहे. हे हक्क आहेत, उपकार नव्हेत. पण कागद नसेल तर हक्क सिद्ध होत नाही, म्हणून लहान खरेदीचीही चिठ्ठी मागण्याची सवय लावा.

रोजच्या रोज काय पाळाल?

सुटे तेल टाळा. एकदम पाच लिटर परवडत नाही हे आम्हालाही माहीत आहे. पण छोट्या बंद पिशव्याही मिळतात. त्यावर उत्पादनाची तारीख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहा. दुसरा मार्ग बचत गटाचा. दहा-बारा घरांनी मिळून बंद सीलचा पंधरा किलोचा डबा आणावा, सर्वांसमोर फोडावा आणि मापून वाटून घ्यावा. तेल शुद्ध मिळेल आणि बहुधा स्वस्तही पडेल.

बाजारभावापेक्षा फारच स्वस्त तेल कोणी दारावर आणून देत असेल तर घेऊ नका. विकणारा उद्या दिसणार नाही.

फोडणीची मोहरी ताटात पसरून निवडून घ्या. या आजाराच्या साथी मुख्यतः रोजच्या तेलातून आल्या आहेत. फोडणीतल्या चिमूटभर मोहरीने घाबरून जाऊ नका, पण निवडण्याची सवय असावी.

शेतावर निंदणीला जाणाऱ्या बहिणींनी हे झुडूप फूल येण्याआधीच मुळासकट काढावे. नुसते वरून कापले तर बुडातून पुन्हा फुटते. हाताला जाड कापड किंवा गोणपाट गुंडाळा आणि डोळ्यांना हात लावण्याआधी साबणाने धुवा. चीक डोळ्यांत गेला तर स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ सोडा आणि दवाखान्यात जा. पिकलेली बोंडे लागली असतील तर झाड हलवू नका, आधी बोंडे पिशवीत काढा. ती शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, नाहीतर खताबरोबर बिया शेतभर जातील.

शेवटी एक काम विहारातल्या रविवारच्या वर्गासाठी. थोरल्यांनी मुलांना घेऊन वस्तीच्या कडेने एक फेरी मारावी. पिवळा धोतरा दिसला तर दुरून दाखवावा, काडीने पान मोडून पिवळा चीक दाखवावा आणि मग जाणत्यांनी तो उपटावा. विहारात परत आल्यावर पांढऱ्या कागदावर मोहरीचे दाणे चिरडून आतला पिवळा रंग पाहावा. यातले एखादे मूल उद्या किराणा आणायला जाईल आणि दुकानदाराला विचारील, "काका, बंद पिशवी आहे का?" त्याला नाही म्हणून परत पाठवू नका, दुसऱ्या दुकानात पाठवा.

जय भीम! नमो बुद्धाय!